डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड : रुग्णांच्या जिवासाठी कायद्याशी भांडणारे डॉक्टर

दवाखान्यात वर्षातून तीन-चार वेळा तरी असं होतं. आई-वडील विशी-बाविशीतल्या मुलाला घेऊन येतात. झोप नाही, जेवण नाही, वजन उतरलंय, मधूनच छातीत धडधडतं. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग मी आई-वडिलांना बाहेर बसायला सांगतो. दहा-पंधरा मिनिटांनी मुलगा बोलू लागतो. त्याला मुलगेच आवडतात, घरात स्थळं बघणं चालू आहे, आणि एका ओळखीच्याने फोटो काढून ठेवलेत आणि तो पैसे मागतोय. कधी मुलाने घरी सगळं सांगून टाकलेलं असतं आणि वडीलच मला एका बाजूला घेऊन विचारतात की यावर काही औषध, इंजेक्शन आहे का.

औषध नाही, कारण हा आजार नाही. आज मी हे न अडखळता सांगतो. पण मी एमबीबीएस करत होतो तेव्हा आमच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात समलिंगी संबंध हे गुन्ह्यांच्या प्रकरणात होते, आणि परीक्षेत आम्ही ते तसंच लिहून मार्क मिळवत होतो. या विषयावर कितीतरी आधी वेगळं बोललेले डॉक्टर होते, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. त्यातलं सगळ्यात मोठं नाव जर्मनीतल्या डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांचं. त्यांची सुरुवात साध्या जनरल प्रॅक्टिसमध्येच झाली होती, म्हणून मला ते जरा जवळचे वाटतात.

एका रुग्णाचा मृत्यू

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्रकाठच्या कोलबेर्ग गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडीलही डॉक्टर आणि गावात मान असलेले. माग्नुस आधी भाषा शिकायला गेले, मग वैद्यकीकडे वळले आणि १८९२ मध्ये डॉक्टर झाले. अमेरिकेची एक फेरी झाली, माग्डेबुर्ग शहरात निसर्गोपचाराकडे झुकलेली प्रॅक्टिस झाली, आणि १८९६ मध्ये ते बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला आले.

त्या सुमारास त्यांच्याकडे एक तरुण लष्करी अधिकारी उपचार घेत होता. तो समलिंगी होता आणि घरच्यांच्या आग्रहाने त्याचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या तोंडावर त्याने स्वतःचा जीव घेतला. जाताना त्याने डॉक्टरांच्या नावे पत्र ठेवलं आणि आपली कहाणी लोकांपुढे मांडावी अशी विनंती केली. रुग्ण गमावणं प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला येतं. हार्ट अटॅकने, अपघाताने गेलेल्या रुग्णाबद्दल आपण उपचार तपासून बघतो, कुठे कमी पडलो का ते शोधतो. इथे तपासायला आजारच नव्हता. माणूस गेला तो भीतीने, आणि त्या भीतीमागे जर्मन दंडसंहितेचं कलम १७५ उभं होतं. १८७१ पासून या कलमाखाली पुरुषा-पुरुषांमधल्या शरीरसंबंधांना तुरुंगवास होता. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑस्कर वाइल्ड या नामांकित लेखकाला असल्याच आरोपावरून सक्तमजुरी झाली होती आणि ती बातमी युरोपभर गाजत होती.

हिर्शफेल्ड यांनी १८९६ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. स्वतःचं नाव घातलं नाही, टोपणनाव वापरलं. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि नवी प्रॅक्टिस बसवायची होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्यांना कुणी भित्रे म्हणणार नाही. पुस्तिकेत त्यांनी मांडलं की पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा स्त्रीला स्त्रीबद्दल वाटणारं आकर्षण जन्मतःच असतं. ती वाईट सवय नाही, आणि शिक्षेने ती बदलायचीही नाही.

पुढच्याच वर्षी टोपणनाव गेलं. मे १८९७ मध्ये लाइपझिगचे प्रकाशक माक्स श्पोर, रेल्वेतले अधिकारी एदुआर्ड ओबेर्ग आणि लेखक फ्रान्झ योझेफ फॉन ब्यूलो यांना घेऊन त्यांनी आपल्या घरी वैज्ञानिक मानवतावादी समिती स्थापन केली. समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी उभी राहिलेली ही जगातली पहिली संघटना मानली जाते. कलम १७५ रद्द करा, असा अर्ज त्यांनी संसदेकडे केला आणि त्यावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांनी १८९८ मध्ये संसदेत उभं राहून त्याची बाजू मांडली. पुढे सह्या हजारांत गेल्या. त्यांत आइन्स्टाइन होते, टोमास मान आणि हेर्मान हेसे होते, चित्रकार केटे कोलविट्झ होत्या. संसदेने मात्र कायदा बदलला नाही.

मोजणी, दंड आणि एक मोठी चूक

अशी माणसं असतात तरी किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. हिर्शफेल्ड यांनी त्यावर प्रश्नावली हा उपाय काढला. १९०३-०४ मध्ये त्यांनी तांत्रिक महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि धातुकारखान्यांतले कामगार अशा हजारो लोकांना नाव न लिहिता उत्तर द्यायला सांगितलं. काही विद्यार्थ्यांनी हा आपला अपमान आहे म्हणून खटला भरला आणि कोर्टाने डॉक्टरांना २०० मार्क दंड केला.

इथे एक मराठी आठवण सांगायला हवी. मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तरं दिली, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलची उत्तरंही होती, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला २०० रुपये. तीस वर्षांचं अंतर, देश वेगळे, चलन वेगळं, पण आकडा तोच.

हिर्शफेल्ड यांची चरित्रं बहुधा कौतुकाने लिहिली जातात. त्यांच्या हातून घडलेली एक गोष्ट मात्र डॉक्टर म्हणून मला खटकते. १९०७ मध्ये माक्सिमिलियान हार्डेन या पत्रकाराने सम्राटाच्या भोवतालच्या बड्या मंडळींवर समलिंगी असल्याचा आरोप केला. त्यातले एक, काउंट कुनो फॉन मोल्टके, कोर्टात गेले. तिथे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून हिर्शफेल्ड उभे राहिले. कोर्टात ऐकलेल्या साक्षींवरून आणि मोल्टके यांच्याकडे बघून त्यांनी मत दिलं की हे गृहस्थ समलिंगी प्रवृत्तीचे आहेत. एवढ्या वरच्या थरातही अशी माणसं आहेत हे दिसलं की कायद्याचा फोलपणा लोकांना कळेल, असा त्यांचा हिशेब असावा. झालं उलटच. देशभर संतापाची लाट उठली, खटला पुन्हा चालला, आणि हिर्शफेल्ड यांना आपलं मत मागे घ्यावं लागलं. समितीच्या देणग्या आटल्या, सभासद घाबरून निघून गेले.

माणसाने स्वतः न सांगितलेली गोष्ट चारचौघांत उघड करायचा अधिकार कुणालाच नाही, डॉक्टरला तर नाहीच. त्यामागे हेतू कितीही चांगला असो. घरच्यांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं. मुलाने आईला विश्वासाने सांगितलेलं मामाला, काकाला, शेजारच्या वहिनींना कळायचं की नाही, कधी कळायचं, हे त्या मुलाने ठरवायचं असतं.

सर्टिफिकेट, सिनेमा आणि संस्था

आम्ही जनरल प्रॅक्टिशनर रोज सर्टिफिकेटं लिहितो. आजारपणाची रजा, फिटनेस, शाळेतल्या पीटीतून सूट. त्या कागदाचं आम्हाला काही वाटत नाही. हिर्शफेल्ड यांनी याच साध्या कागदाचा फार हुशारीने उपयोग केला. शरीराने पुरुष पण बायकांच्या कपड्यांत वावरणारी, किंवा त्याच्या उलट, अशी माणसं बर्लिनच्या रस्त्यावर दिसली की पोलीस सार्वजनिक उपद्रवाच्या नावाखाली धरत. हिर्शफेल्ड अशा माणसांना तपासून, या व्यक्तीची मानसिक घडणच अशी आहे आणि तिला असेच कपडे घालू देणं तिच्या प्रकृतीसाठी गरजेचं आहे, असं प्रमाणपत्र देऊ लागले. पोलिसांशी त्यांनी संबंध जोडले होते. १९०९ च्या सुमारापासून बर्लिनचे पोलीस त्या प्रमाणपत्रावर एक पास देऊ लागले. पास खिशात असला की अटक टळायची. यावर त्यांनी १९१० मध्ये जाडजूड ग्रंथही लिहिला.

दुसरा धोका ब्लॅकमेलचा होता. कलम १७५ खाली खटले व्हायचे त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं या कलमाच्या नावाने लुबाडली जायची, कारण तक्रार करायला गेलं तर आपणच आत जायचो. हे दाखवण्यासाठी हिर्शफेल्ड यांनी दिग्दर्शक रिचर्ड ओस्वाल्ड यांच्याबरोबर १९१९ मध्ये एक मूकपट केला. त्याच्या नावाचा अर्थ, इतरांहून वेगळा. एका व्हायोलिनवादकाला एक जण वर्षानुवर्षे पिळतो, शेवटी तो कोर्टात जातो, ब्लॅकमेलरबरोबर त्यालाही शिक्षा होते आणि तो जीव देतो. सिनेमात त्याला धीर देणाऱ्या डॉक्टरचं काम स्वतः हिर्शफेल्ड यांनी केलं. वर्षभरात सिनेमावर बंदी आली, फक्त डॉक्टर आणि संशोधकांना तो बघायची मुभा राहिली. आज त्याची अपुरी प्रतच शिल्लक आहे.

त्याच वर्षी, ६ जुलै १९१९ रोजी, त्यांनी बर्लिनच्या टियरगार्टन भागात एका मोठ्या बंगल्यात लैंगिक विज्ञान संस्था सुरू केली. हिचं काम वाचताना मला आजच्या एखाद्या चांगल्या धर्मादाय दवाखान्याची आठवण होते. गुप्तरोगांवर उपचार, विवाहाआधीचा सल्ला, संततिनियमनाची माहिती, न्यायालयासाठी तज्ज्ञमत, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला फुकट तपासणी. एक पेटी ठेवलेली असायची. लोक तिच्यात नाव न घालता प्रश्नाची चिठ्ठी टाकत आणि ठरलेल्या संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांसमोर उत्तरं देत. वर मोठं ग्रंथालय, एक संग्रहालय, काही खोल्या राहायला.

समलिंगी रुग्णांसाठी त्यांची एक ठरलेली पद्धत होती. समलिंगी माणसाला बदलायचं नाही, त्याला आपल्या स्वभावासह जगायला शिकवायचं. त्यासाठी ते त्याला त्याच्यासारख्या, नीट नोकरी-धंदा करणाऱ्या माणसांच्या ओळखी करून देत. माणसाला आपण एकटेच असे नाही हे कळलं की त्याची झोप परत येते. हे मी माझ्याही दवाखान्यात पाहिलं आहे.

डोरा रिश्टर ही या संस्थेतली एक कामवाली. जन्माने मुलगा, पण लहानपणापासून तिने स्वतःला मुलगीच मानलं. अशा माणसांना बाहेर कुणी कामावर ठेवत नसे, म्हणून संस्थेने तिला आणि तिच्यासारख्या काहींना घरकामाला ठेवलं होतं. १९३१ मध्ये तिच्यावर लिंगबदलाच्या शस्त्रक्रिया पूर्ण झाल्या. अशा सर्वांत आधीच्या नोंदींपैकी ही एक आहे. संस्थेवरच्या हल्ल्यात ती मारली गेली असं कितीतरी वर्षं समजलं जात होतं. अलीकडे सापडलेल्या कागदांवरून कळलं की ती वाचली आणि १९६६ पर्यंत जगली.

हे सगळं आजच्या विज्ञानाशी तंतोतंत जुळतं असं नाही. हिर्शफेल्ड यांना सगळ्याचं मूळ ग्रंथींच्या रसांत दिसायचं. एका काळात त्यांनी वृषणाचं रोपण करण्याच्या प्रयोगांवरही भरवसा ठेवला होता, आणि ते साफ फसले. सुप्रजननाच्या त्या काळच्या कल्पनांचाही त्यांच्यावर पगडा होता. त्या कल्पनांचं पुढे नाझींनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

जिवंतपणी वाचलेली मृत्यूची बातमी

४ ऑक्टोबर १९२० रोजी म्युनिकमध्ये व्याख्यान आटोपून हिर्शफेल्ड बाहेर पडले. उजव्या विचारांच्या तरुणांच्या टोळक्याने त्यांना गाठलं, डोक्यावर घाव घातले आणि मेला समजून रस्त्यावर टाकून दिलं. काही वर्तमानपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी छापलीसुद्धा. दवाखान्यातल्या खाटेवर पडून त्यांनी स्वतःचे मृत्युलेख वाचले. काहींनी हल्लेखोर पकडले जावेत असं लिहिण्याऐवजी काम अर्धवट राहिल्याची हळहळ व्यक्त केली होती. १९२३ मध्ये व्हिएन्नात त्यांच्या व्याख्यानात गोळीबार झाला आणि श्रोते जखमी झाले. ते ज्यू होते, समलिंगी होते, समाजवादी विचारांचे होते. त्यांचा द्वेष करणाऱ्याला कारण शोधावं लागत नव्हतं.

ते बोलत राहिले, पण आता एका देशापुरते नाही. १९२८ मध्ये कोपनहेगनला लैंगिक सुधारणांसाठी जागतिक संघ स्थापन झाला. हिर्शफेल्ड, इंग्लंडचे हॅवलॉक एलिस आणि स्वित्झर्लंडचे आउगुस्ट फोरेल हे त्याचे अध्यक्ष होते. लंडन, व्हिएन्ना, ब्रनो इथे परिषदा झाल्या. स्त्री-पुरुष समानता, संततिनियमनाचा हक्क, आणि समलिंगी माणसांना गुन्हेगार न मानणं, या मागण्या तिथे एकाच व्यासपीठावर आल्या.

१६ ऑक्टोबर १९२९ रोजी जर्मन संसदेच्या समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी कलम १७५ काढून टाकायची शिफारस केली. बत्तीस वर्षांच्या खटपटीला यश आल्यासारखं वाटलं. आठच दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळायला लागला, जर्मनीत बेकारी उसळली, नाझींची मतं वाढली, आणि ती शिफारस कागदावरच राहिली.

नोव्हेंबर १९३० मध्ये हिर्शफेल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेले आणि तिथून पुढे जपान, चीन, जावा करत १९३१ मध्ये भारतात आले. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत ते हिंडले, अलाहाबादला जवाहरलाल नेहरूंना भेटले. वय साठीच्या पुढे, त्यात मधुमेह. प्रवासात त्यांच्या सोबत ली शिऊ टाँग हा चिनी तरुण होता. वैद्यकी शिकणारा हा मुलगा त्यांना शांघायला भेटला आणि शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिला. प्रवासवर्णनात त्यांनी भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं. इथे त्यांना कलम १७५ चा भाऊबंदही भेटला असणार, कारण इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घालून ठेवलं होतंच.

१९३२ मध्ये ते युरोपात परतले, पण मित्रांनी जर्मनीत पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. ६ मे १९३३ च्या सकाळी नाझी विद्यार्थ्यांचा जमाव बँड वाजवत संस्थेत घुसला. दुपारी वर्दीतले लोक आले. पुस्तकं, फोटो, रुग्णांच्या नोंदी, हजारो वस्तू ट्रकांत भरल्या गेल्या. १० मे रोजी ऑपेराच्या चौकात त्या पुस्तकांची होळी झाली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळा काठीवर खोचून मिरवला गेला. ते स्वतः तेव्हा जर्मनीबाहेर होते. एका थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवतात त्या बातमीपटात त्यांनी हे दृश्य पाहिलं. चौदा वर्षं उभी केलेली संस्था पडद्यावर जळत होती.

पॅरिसमध्ये त्यांनी पुन्हा एक छोटी संस्था काढून पाहिली, ती चालली नाही. १४ मे १९३५ रोजी, सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नाझींनी कलम १७५ आणखी कडक केलं. नाझी राजवटीत या कलमाखाली सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या. हजारो छळछावण्यांत गेले, तिथे त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला जाई. युद्ध संपल्यावरही कायदा राहिलाच. पश्चिम जर्मनीत तो १९६९ मध्ये सैल झाला आणि पुरता गेला १९९४ मध्ये.

ली शिऊ टाँग १९९३ मध्ये कॅनडात वारले. त्यांनी साठ वर्षं जपलेली हिर्शफेल्ड यांची कागदपत्रं, फोटो आणि वह्या एका सुटकेसमध्ये होत्या. ती सुटकेस इमारतीच्या कचऱ्यात निघाली होती. एका शेजाऱ्याला ती जपून ठेवावीशी वाटली, म्हणून आज ती अभ्यासकांना बघता येते.

आज आपल्याकडे

जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध कलम ३७७ मधून मोकळे केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीला बदलण्यासाठी दिलेले तथाकथित उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. तेव्हा कुणी शॉक, हार्मोनची इंजेक्शनं किंवा संमोहन करून मुलगा सरळ करून देतो म्हणत असेल, तर तिथे पैसे आणि मूल दोन्ही घालवू नका. वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

ब्लॅकमेल मात्र अजून आहे, आता तो डेटिंग ॲपवरून होतो. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज पुसून टाकू नका, ते पुरावा असतात. सायबर गुन्ह्यांसाठी हेल्पलाइन क्रमांक १९३० आहे. आता तक्रार करणाऱ्यालाच आत टाकणारा कायदा राहिलेला नाही, हे मुलांना सांगा. पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

आणि मुलगा किंवा मुलगी जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागली, वस्तू वाटून टाकू लागली, अचानक गप्प झाली, तर थांबू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, तिथे मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत. तज्ज्ञाकडे जायला मुलगा तयार नसेल तर निदान आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे घेऊन या, आणि दहा मिनिटं स्वतः बाहेर बसा.